तुझे हात सरळच होते

मधू,

तू गेल्याचं मला शाळेत कळलं. प्यून वर्गात चिठ्ठी घेऊन आला, मी खडू ठेवला आणि ऑफिसात गेले. मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "सुमनताई, घरून फोन होता. तुमचा भाऊ..." पुढचं त्यांना बोलवेना. मी विचारलं, "घरातच ना?" त्या नुसत्या बघत राहिल्या. मी पुन्हा विचारलं, "गाडीत नव्हता ना? रस्त्यावर नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही हो. जेवून झोपले होते, म्हणे. झोपेतच." आणि माझ्या तोंडून चक्क निघालं, "हुश्श."

त्या बिचारीला वाटलं, धक्क्यानं मला भ्रम झाला. तिनं मला पाणी पाजलं. तुझ्या पाठची नाही, तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी सख्खी बहीण मी, आणि भाऊ गेल्यावर "हुश्श" म्हणते! पण तुला कळेल. तू ती काळी गाडी दारात आणलीस त्या दिवसापासून, तुला यायला जरा उशीर झाला की मी गॅलरीत. समोरासमोरची आपली दोन बिऱ्हाडं, तुझ्या दाराचा आवाज आला की मी आत जायचे. नलिनीला वाटायचं, वन्सं हवा खायला उभ्या असतात. इतकी वर्षं मी एकाच फोनची वाट बघत होते. फोन आला खरा, पण तो नव्हे. तू तुझ्या खाटेवर, तुझ्या उशीवर गेलास. नलिनीनं चहा टाकून हाक मारली आणि तू उठला नाहीस. रडू नंतर आलं. भरपूर आलं. पण आधी हुश्श आलं, ते मी नाकारणार नाही.

गाडी तुला घाटकोपरच्या एका डॉक्टरांच्या घरी सापडली. डॉक्टर गेलेले, गाडी ताडपत्रीखाली, टायर जमिनीला चिकटलेले. सत्तेचाळीस सालचा विलायती माल, असं तू छाती फुगवून सांगायचास. आईनं पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, "झिला, ह्यो पेटारो खंयसून हाडलंस?" सोसायटीत कुजबुज व्हायची, मूल नाही बाळ नाही, म्हणून गाडीचे लाड. नलिनीच्या कानावर पडायचं. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि रविवारी सकाळी तुझ्यासोबत ओल्या फडक्यानं बॉनेट पुसायची.

मला ती गाडी कधीच आवडली नाही. तू भांडुपच्या कारखान्यात टूलरूमला होतास, दिवसभर लोखंडच ना तुझ्या हातात? मग घरी कशाला पुन्हा लोखंड? आणि ती चालायची कशी! खड्ड्यात गेली की बसायची ती उठायचीच नाही, म्हातारीसारखी. स्टीअरिंगचं चाक चार बोटं नुसतंच फिरायचं, मग कुठं टायरांना खबर लागायची. तू म्हणायचास, "ताई, तिच्याशी अंदाजानं बोलावं लागतं." मी म्हणायचे, "मला अंदाज चालत नाही. मी गणित शिकवते."

मग तू पुढच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदललेस. कुर्ल्याला स्प्रिंगवाल्याकडे नेऊन दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे जास्तीचे चढवून आणलेस. गाडी पुढून चांगली दोन इंच उचलली गेली. तू तिला सोसायटीच्या फाटकातून आत आणलंस तेव्हा तुझा चेहरा काय सांगू! "बघ कशी मान वर करून उभी आहे. झकास ना?" दिसत होती खरी रुबाबदार. पण दोन दिवसांनी तूच जेवताना म्हणालास, की खड्ड्यावरून जाताना चाक हाताला हिसका देतं. मग स्वतःच म्हणालास, "होईल सवय."

सवय व्हायला वेळ मिळाला नाही. कांदिवलीला मावसभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. तू, मी, आई, नलिनी. जाताना सगळं नीट. परतताना दुपार होती, पवईचा रस्ता मोकळा होता, डाव्या हाताला तलाव. आई आणि नलिनी मागे पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसलेल्या. मी पुढे, तुझ्या शेजारी. रस्त्याखालून एक मोरी जात होती, तिथं डांबराचा उंचवटा झाला होता. तू वेग कमी केलास, मला चांगलं आठवतं. गाडी वर उडाली, खाली बसली आणि सरळ डावीकडे, तलावाच्या दिशेनं सुटली. रस्ता दुरुस्तीसाठी टाकलेला खडीचा ढीग आडवा आला म्हणून आपण थांबलो. नाहीतर काठ चार पावलांवर होता.

आईचं मनगट मोडलं. नलिनीच्या कपाळाला टेंगूळ आलं. तू खाली उतरलास, काठापर्यंत चालत गेलास, आणि पाण्याकडे बघत उभा राहिलास.

आता तुला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगते. मी तुझ्या शेजारी बसले होते, आणि मोरी येताना मी तुझ्या हातांकडेच बघत होते, कारण मला भीती वाटत होती. तुझे हात सरळ होते, मधू. चाक आधी फिरलं. तुझ्या मुठींमधून ते साबणासारखं सटकलं, तू नंतर त्याला पकडायला गेलास. मी डोळ्यांनी पाहिलं. आणि तरी, आईचं प्लास्टर करून घरी आलो तेव्हा, सगळ्यांसमोर मी तुला काय म्हटलं? म्हटलं, "तुझ्या हट्टापायी आज आई गेली असती. तुला स्टीअरिंगही धरता येईना?"

तू किल्ली माझ्या टेबलावर ठेवलीस आणि समोर निघून गेलास.

आईच म्हणाली, "गप ऱ्हव गो सुमन. हात मोडलो तर काय झाला, मान तर जाग्यार आसा!" पण मी गप्प राहिले ती तिथं, जिथं बोलायला हवं होतं. का गप्प राहिले? मी नंतर स्वतःला खूप कारणं दिली. घाबरले होते, आईचा हात बघून जीव वरखाली झाला होता. खरं कारण एवढंच की पहिल्या दिवसापासून मी म्हणत होते ही गाडी घात करणार, आणि मी बरोबर ठरले होते. बरोबर ठरण्याची मला फार सवय रे. शिक्षिकांना असते.

तू मॅट्रिकला होतास तेव्हा भूमिती मी शिकवायचे तुला. तू आकृती सुरेख काढायचास, सिद्धता लिहायची वेळ आली की अडकायचास. मी पट्टी आपटायचे. काठावर पास झालास, त्या दिवशी बाबांसमोर मी म्हटलं होतं, "ह्याला डोकं नाही, पण हात आहेत." बाबा गिरणीत आयुष्य काढलेले, त्यांनी मान डोलावली आणि तुझं नाव आयटीआयमध्ये घातलं. तू ते वाक्य आयुष्यभर चेष्टेत वापरलंस. "आपल्याला बाबा डोकं नाही, हात आहेत," असं लग्नात, मुंजीत, कुठंही. मला वाटायचं तुला लागलं नसेल. आणि त्या पवईच्या दिवशी मी तुझ्याकडून हातसुद्धा काढून घेतले.

तीन महिने गाडी ताडपत्रीखाली राहिली. तू बसनं कामावर जायला लागलास. माझ्याशी बोलायचास ते 'हो' आणि 'नाही'. मग एक दिवस नलिनी माझ्याकडे आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, ह्यांनी साहेबांकडे अर्ज दिलाय. मशिनवर नको, मला स्टोअरला टाका म्हणून. म्हणतात, हाताचा भरवसा राहिला नाही. वीस वर्षं ज्या माणसाच्या हाताला कारखान्यात कुणी बोट दाखवलं नाही, तो असं म्हणतोय."

मला तेव्हाच उठून तुझ्या दारात यायला हवं होतं. सांगायला हवं होतं, की मी पाहिलंय. पण तीन महिने उलटले होते. आता सांगायचं म्हणजे तीन महिने का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार. म्हणून मी दुसरी वाट काढली. कबूल करण्यापेक्षा सिद्ध करणं मला सोपं वाटलं.

रविवारी सकाळी मी शाळेतला फळ्याचा मोठा लाकडी कंपास, दोरी आणि खडू घेऊन खाली गेले. ताडपत्री काढली. पदर खोचून गाडीपुढे आडवी झाले आणि वाकून खाली बघितलं. सोसायटीतली पोरंटोरं सोडा, देसाईकाकासुद्धा हातातला पेपर टाकून बघायला आले. मला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण दोन गोष्टी दिसल्या. चाकांचा आस पाट्यांना बांधलेला, तो वरखाली होणार तो पाट्याच्या टोकाभोवती, एका कंसात. आणि स्टीअरिंगच्या पेटीतून निघून पुढच्या चाकांकडे जाणारा रॉड, त्याचं टोक वरखाली होणार तेही कंसात, पण दुसऱ्या केंद्राभोवती. गाडी मूळ उंचीवर असताना रॉड आडवा असणार, दोन्ही कंस एकमेकांना धरून चालत असणार. तू गाडी दोन इंच उचललीस, रॉड तिरका झाला, आणि कंसांची फारकत झाली. मग आस उडाला की रॉड चाकांना ढकलणार, नाहीतर ओढणार. ड्रायव्हर काहीही करो.

मी सिमेंटवर खडूनं दोन्ही कंस काढले. मग स्टीअरिंगच्या चाकाला अगदी वरच्या बाजूला पांढरा रुमाल बांधला आणि देसाईकाकांना म्हटलं, "काका, तुम्ही आणि अजून तिघं पुढच्या बंपरवर चढा." ते म्हणाले, "अगं मोडेल!" मी म्हटलं, "मोडू दे. मधू करील दुरुस्त." चार बापये बंपरवर चढले. गाडी खाली बसली. गाडीत कुणी नव्हतं. आणि रुमाल हलला. आपोआप, डावीकडे, चांगला वीतभर. ते उतरले, रुमाल परत आला.

वर बघितलं तर तू गॅलरीत. बनियन-लेंग्यात, चहाचा कप हातात. तू तसाच खाली आलास.

"परत चढा," तू म्हणालास.

ते परत चढले. रुमाल फिरला.

"परत."

किती वेळा चढवलंस तू त्यांना! देसाईकाका घामाघूम. शेवटी तू आत जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसलास, हात मांडीवर ठेवलेस, आणि म्हणालास, "आता." चाक तुझ्यासमोर एकटंच फिरलं. मग माझ्याकडे न बघता म्हणालास, "ताई, म्हणजे तो मी नव्हतो."

"नव्हतासच," मी म्हटलं.

तू स्टीअरिंगवर डोकं टेकलंस आणि हमसून हमसून रडलास. बघ्यांना काही कळेना. नलिनी धावत खाली आली, तिनं खिडकीतून तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "देव भलं करो तुमचं, वन्सं." मला ते आशीर्वादासारखं लागायला हवं होतं. लागलं चटक्यासारखं.

पण त्यानंतरची दोन वर्षं, मधू, माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. तू अर्ज मागे घेतलास, मशिनवर परत गेलास. आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर, उत्तरपत्रिका बाजूला सारून, तू आणि मी कंस काढायला बसायचो. तुझं म्हणणं, मूळचीच स्टीअरिंग पेटी ठेवायची, बुश बदलून घट्ट करायची. माझं म्हणणं, ती झिजलीय, टॅक्सीच्या पेटीसारखी धडधाकट पेटी घाल. "म्हणजे हिच्या उरावर सवत आणू?" असं तू म्हणायचास. शेवटी आपण कुर्ल्याला भंगारवाल्या चाचांकडे गेलो. मी त्यांच्या दुकानाच्या फरशीवर खडूनं आकृती काढायला लागले तर ते म्हणाले, "बहनजी, स्टीअरिंग चाहिए कि स्कूल खोलना है?" तू इतका हसलास, की तिथल्या लोखंडाच्या ढिगाला टेकलास. येताना टॅक्सीची पेटी मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसले होते, आणि तेल माझ्या साडीला लागलं होतं. ती साडी अजून आहे. डाग निघाला नाही.

पाटा एकेक कमी केला, नवे शॉकअब्सॉर्बर घातले. भांडण उरलं ते एकाच गोष्टीवरून. पेटी किती खाली बसवायची? ते ठरणार आसाच्या कंसाचं केंद्र कुठं धरायचं त्यावरून. मी म्हणत होते पाट्याच्या टोकाला, जिथं तो बोल्टनं अडकवलाय. तू म्हणत होतास, "नाही ताई, पाटा बिजागरीसारखा फिरत नाही, तो वाकतो. म्हणून केंद्र टोकाला नाही, जरा आत येतं." मी म्हणाले, "कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" तू म्हणालास, "हाताला लागतं." "हात म्हणजे सिद्धता नव्हे," मी म्हणाले. तू वाद घातला नाहीस. साहेबांची परवानगी काढून टूलरूममध्ये जाड पत्र्याची पट्टी बनवलीस, तिला पेटी बसवायच्या तीन जागा. एक तुझी, एक माझी, एक मधली.

तिन्ही जागा आपण आरे कॉलनीच्या रस्त्यावर तपासल्या, तीन रविवार. माझ्या जागेवर गाडी ठीक चालली. मधल्या जागेवर बरी. तुझ्या जागेवर पेटी बसवलीस आणि त्या खडबडीत उतारावर तू चाकावरून दोन्ही हात उचललेस. मी ओरडले. गाडी सुतासारखी सरळ गेली. तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. मी काय म्हटलं? "आज रस्ता बरा होता."

चार वर्षं मी तेच म्हणत राहिले. गेल्या महिन्यातसुद्धा तू आमटी ओरपताना विचारलंस, "काय ताई, रस्ता अजून बराच आहे का?"

आई म्हणत होती, "मी त्या गाडयेत बसूचंय नाय." पण तुझ्या जागेवर पेटी बसल्यावर तूच तिला हाताला धरून नेलंस, पुढच्या सीटवर बसवलंस आणि वाकोल्याला आत्याकडे घेऊन गेलास. मी मागे. सगळ्या वाटेत आई दाराला धरून बसलेली. परत येताना बघते तर तिनं हात सोडलेला आणि मान कलती करून चक्क घोरत होती. तिला शेवटचं हॉस्पिटलातून घरी आणलं तेही तूच, त्याच गाडीनं, आणि एक धक्का बसू दिला नाहीस. त्याबद्दल मी तुझे कधी आभार मानले का रे? बहुतेक म्हटलं असेन, जरा लवकर आणता आलं असतं.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी पाहुणे पांगले. मला बसवेना. मी कागद घेतला, पाटा एका सरळ रेषेऐवजी तीन तुकड्यांचा धरला, वाकतो तसा, आणि कंस काढून बघितले. तू म्हणत होतास तिथंच केंद्र आलं. टोकापासून आत, जवळजवळ पट्टीवरच्या तुझ्या जागेच्या हिशेबानं. मी पुन्हा काढलं. पुन्हा तिथंच. मधू, मी तीस वर्षं भूमिती शिकवली, आणि हे तुला हाताला लागलं होतं. तुला डोकं होतं रे. आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं डोकं कदाचित तुझंच होतं, आणि मी बाबांसमोर एका वाक्यात त्याचा निकाल लावला.

हे कागदावर दिसल्यावर मग दुसरंही पोटात राहीना. बाराव्याचं सगळं आटोपल्यावर, दुपारी, नलिनी तुझे कपडे घडी करत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि पवईचं सांगितलं. की मी पाहिलं होतं, तेव्हाच, चाक आधी फिरताना. की रुमाल, खडू, कंपास हे सगळं मी न बोलता सुटावं म्हणून केलं.

तिला आधी समजलं नाही. मग समजलं. तिच्या हातात तुझा निळा शर्ट होता, तो तिनं खाली ठेवला.

"तीन महिने?" ती म्हणाली.

"हो."

"वन्सं, तीन महिने हा माणूस ताटावर बसून आपले हात उलटे-पालटे करून बघायचा. घास तोंडात घालताना सांडला तरी माझ्याकडे बघायचा, की बघ, सुटतंय म्हणून. आणि तुम्ही समोरच्या दारात होतात! चार पावलांवर!" तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तिनं माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता. "मी तुमच्या पाया पडले असते तेव्हा. मी तुम्हाला देव मानलं. जा तुम्ही. आत्ता माझ्यासमोर बसू नका."

मी उठून घरी आले. दार लावलं. खरं सांगते, मी खाटेवर बसले आणि मला एकदम हलकं वाटलं. तू मला कधी रागावला नाहीस. किल्ली ठेवलीस, गप्प बसलास, मग रडलास, मग हसलास, पण रागावला नाहीस. कारण रागवायचं कशाबद्दल, ते मी तुला कळूच दिलं नाही. तुझ्या वाट्याचा राग कुणीतरी काढायला हवा होता. नलिनीनं काढला. पुरेपूर काढला, आणि तो तिचाच हक्क होता.

दोन दिवस समोरचं दार उघडलं नाही. आई गेल्यापासून मी जेवायला तुमच्याकडेच असते, पण मी हाक मारली नाही, तिनंही नाही. मी पोहे भिजवून खाल्ले, शाळेत गेले, परत आले. मला भीती वाटत होती, नाही असं नाही. या वयात एकच घर उरलं होतं माझं, आणि तेही मी माझ्या तोंडानं घालवलं असं वाटत होतं. पण परत घेण्यासारखं त्यातलं एक अक्षरही नव्हतं.

काल दुपारी शाळेतून आले आणि कुलपाला किल्ली लावली, तेवढ्यात समोरची कडी वाजली. नलिनी दारात उभी. डोळे सुजलेले. अजून रागातच होती, माझ्याकडे नीट बघत नव्हती.

"पान वाढलंय," ती म्हणाली. "या."